पांढरीच्या जागा एका सरळ रेषेत येतात : ठरवून की योगायोगाने?

पांझराकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी.

तापी, गिरणा, पांझरा, बोरी आणि गोमाई यांच्या खोऱ्यांतल्या जुन्या वस्त्यांच्या साठ जागा मी एका नकाशावर मांडल्या आहेत. त्यांत उत्खनन झालेल्या जागा आहेत: तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे, तापीकाठचं सावळदे, साक्री तालुक्यातलं कावठे, चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ, गिरणेच्या पलीकडच्या काठाचं टेकवाडे, आणि पाटणे. बाकीची बहुतेक पांढरीची, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं आहेत, नांगरटीत रंगीत खापरं वर येतात अशी. दोन-तीन उभे दगड आणि पितळखोऱ्याची लेणीही यादीत आहेत.

गूगल अर्थवर रेषा ओढल्या तर तीन-तीन जागा जोडणाऱ्या रेषा इतक्या निघतात की मोजणं सोडून दिलं. चार जागांच्या अकरा मिळाल्या. पाच जागांची एकच आहे, १४० किलोमीटर लांब, आणि तिच्यापासून एकही जागा २५० मीटरच्या बाहेर नाही. तिची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे ६६ अंश, म्हणजे २१ जूनच्या सूर्योदयाच्या जवळपास.

एवढ्या लांबीवर पाच जागा आपोआप रेषेत येतील हे मनाला पटत नाही. पण नुसत्या नकाशावरून बोलायचंही नाही. हे ठरवून केलेलं आहे की नाही, ते तपासायची रीत कोणती?

---

मोजणीदार

भाऊ, प्रश्न चांगला आहे आणि आकडे दिलेत म्हणून उत्तर देता येतं. आधी एवढंच विचारायचं: या साठ जागा कुणी डोळे मिटून नकाशावर उधळल्या असत्या, तर किती रेषा निघाल्या असत्या?

साठ जागांतून तीन-तीनचे गट ३४,२२० पडतात. इतक्या गटांत काही सरळ पडणारच, फक्त किती ते काढायचं. (सहा रसांची किती मिश्रणं होतात हे काढायला भास्कराचार्यांनी दिलेली रीतच इथं चालते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचं सांगणारा १२०७ सालचा शिलालेख आपल्या पाटणादेवीलाच आहे.)

खानदेशाचा सपाट भाग २०० बाय १०० किलोमीटरचा आयत धरू. क्षेत्रफळ २०,००० चौरस किलोमीटर. अशा आयतात कुठल्याही दोन जागांमधलं सरासरी अंतर सुमारे ८० किलोमीटर येतं. दोन टोकांच्या जागा घ्या आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १००-१०० मीटरचा पट्टा आखा. पट्ट्याचं क्षेत्रफळ ८० × ०.२ = १६ चौरस किलोमीटर. तिसरी एखादी जागा या पट्ट्यात पडण्याची शक्यता १६ भागिले २०,०००, म्हणजे ०.०००८. उरलेल्या जागा ५८, म्हणून दर जोडीमागे ०.०४६. जोड्या १,७७०. गुणाकार करा: सुमारे ८२.

म्हणजे १०० मीटरच्या कडक मापानेही तीन जागांच्या ८२ रेषा फुकट मिळतात. चार जागांच्या दोन-तीन.

आता तुमचं माप लावा, २५० मीटर. तीन जागांच्या रेषा अडीच पट होतात, दोनशेच्या वर. चार जागांचा आकडा अडीचच्या वर्गाने वाढतो, तो पंधराच्या आसपास जातो. पाच जागांचा अडीचच्या घनाने वाढतो आणि जवळपास एकावर येतो. तुम्हाला चारच्या अकरा आणि पाचची एक मिळाली. नुसत्या योगायोगातून जेवढं यायला हवं तेवढंच आलं आहे, चारच्या बाबतीत थोडं कमीच.

१४० किलोमीटर लांबीमुळे विश्वास बसत नाही, पण लांबी योगायोगाच्या बाजूने काम करते. रेषा जितकी लांब तितका पट्टा मोठा आणि तितक्या जास्त जागा त्यात सापडणार. ठरवून आखलेल्या रेषेचं उलट असतं. अंतर वाढेल तशी चूक वाढते, म्हणून लांब रेषा वाकडी होत जायला हवी.

हा घुणाक्षरन्याय आहे. किडा लाकूड पोखरतो, त्यात एखादं अक्षर उमटतं. अक्षर खरंच दिसतं, पण किड्याने ते लिहिलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये हा वाद शंभर वर्षं जुना आहे. आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी १९२१ मध्ये हेरफर्डशायरच्या नकाशावर जुने दगड, टेकाडं आणि चर्च रेषांनी जोडली. त्यांच्या मते त्या जुन्या व्यापारी वाटा होत्या. या रेषांतून शक्ती आणि लहरी वाहतात ही भर नंतरच्या लोकांनी घातली. पुढे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडच्या लँड्स एंड भागातल्या ५२ दगडांची यादी संख्याशास्त्रज्ञांच्या हाती आली. ब्रॉडबेंट आणि केंडॉल यांनी १९८० च्या सुमारास तिच्यातले २२,१०० त्रिकोण तपासले. किती त्रिकोण जवळजवळ चपटे आहेत आणि योगायोगाने किती असायला हवेत, याची तुलना केली. ठरवून केलं असं ठामपणे म्हणता येईल असं काही निघालं नाही. २०१० मध्ये मॅट पार्कर यांनी बंद पडलेल्या वूलवर्थ्स दुकानांच्या ८०० जागा घेऊन तशाच देखण्या रेषा काढून दाखवल्या. न जुळणारी दुकानं सोडून दिली की झालं.

---

काळा कातळ

वरचा हिशेब जागा सगळीकडे सारख्या विखुरलेल्या आहेत असं धरून केलेला आहे. खानदेशात तसं नाही, आणि म्हणून इथं रेषा त्याहून जास्त निघायला हव्यात.

पहिलं कारण तापी. आपल्याकडे ती पूर्व-पश्चिम एका लांब खचदरीतून वाहते, वळणं घेते पण दिशा सोडत नाही. ताम्रपाषाण काळातल्या (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातल्या) वस्त्या पाण्याला धरून: तापी आणि उपनद्यांच्या काठी, पुराच्या पाण्याच्या वर, सुपीक गाळाशेजारी. नदी सरळ तर वस्त्या सरळ. अशा माळेतल्या कुठल्याही तीन-चार जागांवर पट्टी ठेवली तर जुळणारच.

दुसरं कारण आपल्या भागाचं खास आहे आणि सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नंदुरबार-धुळे पट्ट्यात डाईकचा, म्हणजे जमिनीत उभ्या असलेल्या दगडी भिंतींचा, मोठा समूह आहे. दख्खनच्या लाव्हाच्या काळात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत शिलारस शिरून थिजला. आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. धुळे, साक्री, नंदुरबार, शिंदखेडा भागात रानातून कुणी रचल्यासारखी काळ्या दगडांची सरळ रांग जाताना दिसते, ती बहुतेक वेळा हीच. अशा दोनशेवर डाईक नकाशावर आलेले आहेत आणि सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटरचा आहे. बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिम ते पूर्वईशान्य-पश्चिमनैऋत्य.

आता जागांशी संबंध बघा. डाईक जमिनीखालच्या पाण्याला बांधासारखा अडवतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकतं. कुठे डाईकलाच भेगा असतात आणि पाणी त्याच्याच लांबीने वाहतं. वस्ती पाण्याकडे जाते. शिवाय डाईकचा दगड आडव्या भेगांनी फुटून लांबट, चौकोनी ठोकळे निघतात, उभे करायला तयार असे. तेव्हा वस्तीही डाईकजवळ आणि उभा दगडही डाईकजवळ. माणसाने दगड ठरवूनच उभा केला, पण रेषा त्याची नाही, कातळाची आहे.

तुमच्या रेषेची दिशा ६६ अंश आहे. पूर्वईशान्य म्हणजे होकायंत्रावर ६७.५ अंश. म्हणून सूर्याकडे जाण्याआधी पायाखाली बघा. भूजल किंवा भूगर्भाच्या नकाशावर ती पाच ठिकाणं टाका आणि जवळून डाईक जातो का ते पाहा.

---

नकाशाघर

दोन-तीन तांत्रिक गोष्टी, कारण २५० मीटरचा दावा यांतच विरघळू शकतो.

अक्षांश-रेखांश कुठून घेतले? जुन्या अहवालांत ते पुष्कळदा फक्त मिनिटांपर्यंत असतात. एक मिनिट अक्षांश म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि आपल्या अक्षांशावर एक मिनिट रेखांश म्हणजे १.७३ किलोमीटर. अशी जागा कुठल्याही बाजूला जवळपास एक किलोमीटर सरकलेली असू शकते. जुन्या टोपोशीटवरून (सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांवरून) घेतले असतील तर त्यांची आधारप्रणाली, म्हणजे पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश मोजायची चौकट, एव्हरेस्टची, जीपीएसची डब्ल्यूजीएस-८४. रूपांतर न करता मिसळले की आपल्या भागात सुमारे १०० मीटरचा फरक पडतो.

टेकाडाचा कुठला बिंदू घेतला? पांढर ३०० मीटर रुंद असेल तर तिच्यावर कुठेही टाचणी मारण्याची मोकळीक मिळते, आणि हात नकळत रेषेकडे झुकतो. म्हणून नियम आधी लिहून ठेवा: टेकाडाचा मध्य, किंवा सर्वांत उंच बिंदू. सगळ्यांना तोच, आणि रेषा ओढण्याआधी.

"सरळ" म्हणजे काय? गूगल अर्थ पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग दाखवतं. छापील नकाशावर किंवा नुसत्या अक्षांश-रेखांशाच्या आलेखावर पट्टीने ओढलेली रेषा वेगळी असते. २१ अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम २०० किलोमीटर गेलात तर दोन्हींत मध्यावर सुमारे ३०० मीटरचं अंतर पडतं, १०० किलोमीटरला ७५ मीटर. तुमच्या मापापेक्षा ३०० मोठे आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर प्रक्षेप यूटीएम ४३ उत्तर ठेवा, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. त्याचं मध्य रेखावृत्त ७५ पूर्व, जे चाळीसगावच्या अंगावरून जातं, त्यामुळे खानदेशात चूक नगण्य राहते. दिशा मात्र त्या चौकटीच्या उत्तरेवरून वाचू नका. ७४ पूर्वेला चौकटीची उत्तर आणि खरी उत्तर यांत ०.३६ अंशाचा फरक असतो.

व्हॉट्सअॅपवर केदारनाथ ते रामेश्वरम शिवमंदिरं "७९ अंशाच्या एकाच रेषेवर" असल्याचा संदेश फिरतो, तो अक्षांश-रेखांश उघडून बघण्यासारखा आहे. केदारनाथ ७९.०७, चिदंबरम ७९.६९, कालेश्वरम ७९.९१. ही रेषा नाही, जवळपास ९० किलोमीटर रुंद पट्टा आहे. आकड्याचा पुढचा भाग सारखा आहे, एवढाच संबंध.

---

पांझराकाठ

सगळ्यांचे आभार. तीन आणि चार जागांच्या रेषा सोडून देतो, हिशेब पटला. टाचण्या टेकाडाच्या कडेलाही पडल्या आहेत, त्या दुरुस्त करतो.

तरी दोन शंका राहतात. स्टोनहेंजसारख्या ठिकाणी सूर्याकडे तोंड केलेली रचना खरीच आहे ना? मग माझ्या पाच जागांच्या रेषेची दिशा सूर्योदयाशी जुळणं हाही योगायोगच का धरायचा? आणि त्या काळच्या लोकांना एवढी लांब रेषा आखता आलीच नसती, असं म्हणता येईल का?

---

मृगशीर्ष

दिशेबद्दल सांगतो.

२१ अंश अक्षांशावर, सपाट क्षितिज धरून, २१ जूनला सूर्याची वरची कड उगवते ती उत्तरेपासून ६४.४ अंशावर. साडेतीन हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या आसाचा कल थोडा जास्त होता, तेव्हा ती सुमारे ६३.९ अंशावर उगवत असे. तुमचे ६६ अंश त्यापासून दोन अंश दूर आहेत, सूर्याच्या चार बिंबांएवढे. सपाट क्षितिजावर ६६ अंशाला सूर्य आज उगवतो तो १ जूनच्या आणि १२ जुलैच्या सुमारास. म्हणून "जवळपास" हा शब्द आकड्यात बांधा.

क्षितिज सपाट नसेल तर गणित बदलतं. समोर डोंगर असेल तर क्षितिजाच्या दर एक अंश उंचीमागे उगवण्याची जागा सुमारे ०.४ अंश दक्षिणेकडे सरकते. म्हणून जिथून बघितलं असं म्हणायचं आहे तिथे उभं राहून क्षितिजाची उंची मोजायची, त्याशिवाय दिशा जुळली म्हणायचं नाही. शिवाय १४० किलोमीटरच्या रेषेला एकच दिशा नसते. तुमच्या रेषेच्या पश्चिम टोकाला जी दिशा आहे ती पूर्व टोकाला जवळपास अर्धा अंश बदललेली असते. ६६ कुठल्या टोकाला?

आता शक्यता. कुठल्या दिशांना आपण "अर्थपूर्ण" म्हटलं असतं? जून आणि डिसेंबरच्या दोन्ही अयनदिनांच्या मिळून दोन रेषा (जूनचा सूर्योदय आणि डिसेंबरचा सूर्यास्त एकाच रेषेची दोन टोकं आहेत), विषुवदिनाची एक, उत्तर-दक्षिण एक. चंद्राच्या मोठ्या आणि छोट्या थांब्यांच्या (वर्षांच्या फेऱ्यात तो उत्तर-दक्षिणेला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सरकतो त्या टोकांच्या) चार, साधारण ५९, ७०, ११० आणि १२१ अंशांवर. एकूण आठ. प्रत्येकीला दोन्ही बाजूंना दोन अंशांची सूट दिली तर १८० पैकी ३२ अंश व्यापले जातात. म्हणजे कुठलीही रेषा घ्या, सहात एकदा ती सूर्याशी किंवा चंद्राशी "जुळते". ५७ ते ७२ अंशांचा तुकडा तर जवळजवळ पूर्ण भरलेला आहे, आणि खानदेश पूर्व-पश्चिम लांब असल्याने लांब रेषा याच बाजूला जास्त पडतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, इथं तर फांद्याच आठ आहेत.

खरी सूर्यरचना कशी असते ते पाहा. आयर्लंडच्या न्यूग्रेंजला १९ मीटर लांब दगडी बोळ आहे. प्रवेशाच्या वर मुद्दाम ठेवलेली झरोक्याची पेटी आहे आणि डिसेंबरच्या अयनाच्या सुमारास पहाटेचं ऊन तिच्यातून आतल्या खोलीपर्यंत जातं. मायकेल ओकेली यांनी १९६७ मध्ये ते पाहिलं. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या बैसे इथल्या उभ्या दगडांच्या जोड्या अयनाच्या सूर्योदय-सूर्यास्ताला चौकट देतात असं मेनन आणि वाहिया यांनी मांडलं आहे. स्टोनहेंजचा अक्ष तर दगडांची मांडणी आणि बाहेर जाणारा रस्ता दोन्हींत दिसतो. या सगळ्यांत बघणारा माणूस, ज्याच्याकडे बघायचं तो दगड आणि उगवतं बिंब एकाच नजरेत मावतात. शंभर किलोमीटरवरचं टेकाड त्या नजरेत येतच नाही.

होकायंत्र घेऊन जाऊ नका. आपला बेसॉल्ट स्वतः चुंबकीय असतो, वीज पडलेल्या कातळावर सुई कित्येक अंश भरकटते. काठीच्या सावलीने खरी उत्तर काढा. ७५ पूर्व रेखांशावर सूर्याची मध्यान्ह घड्याळात सरासरी १२:३० ला येते, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४४ ला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१४ ला. त्या क्षणी उभ्या काठीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण. निरीक्षण डिसेंबरात ठेवा. जूनच्या अखेरीस आपल्याकडे क्षितिजावर ढग असतात. तुमच्या रेषेचं उलटं टोक तेव्हा सूर्यास्ताला मिळतंच.

---

मोजणीदार

लांब रेषा आखता आली नसती असं मी म्हणणार नाही. तीन काठ्या एका नजरेत घेऊन मागची उचलून पुढे रोवत गेलं की रेषा पुढे जाते. मध्ये टेकडी आली तर टेकडीवर दोन माणसं उभी करायची. पहिल्याने दुसऱ्याला पलीकडच्या टोकाशी सरळ आणायचं, दुसऱ्याने पहिल्याला अलीकडच्या टोकाशी. असं आलटून-पालटून सरकवत गेलं की चौघं एका रेषेत येतात. नुसता डोळा एक कलेपर्यंत (अंशाच्या साठाव्या भागापर्यंत) फरक ओळखतो, म्हणजे किलोमीटरला ३० सेंटिमीटर. दहा-दहा किलोमीटरचे टप्पे घेत १४० किलोमीटर गेलं तर चुका साठून शेवटी शंभरेक मीटर फरक पडेल. माणसाला अशक्य नाही.

अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. १४० किलोमीटरच्या दोन टोकांमध्ये जमीन मध्यावर ३८५ मीटर फुगलेली असते. हवेने प्रकाश वाकतो हे धरलं तरी ३३० उरतात. दहा मीटर उंच पांढरीवरून क्षितिज १२ किलोमीटरवर संपतं. नदीकाठच्या दोन टेकाडांनी एकमेकांना ६० किलोमीटरवरून बघायचं तर दोन्ही ६० मीटर उंच हवीत. म्हणून रेषा ठरवून आखली असेल तर मधले टप्पे कड्यांवर, डोंगरांच्या सोंडांवर असायलाच हवेत: राखेचे थर, दगडांचे ढीग, खुणा. एकोणिसाव्या शतकात लॅम्बटनची माणसं भारताची मोजणी करत ७८ पूर्वेच्या अंगाने वर सरकत होती (१८२३ मध्ये हिंगणघाटला ते वारले), त्यांनाही उंच जागा आणि मनोरे शोधत जावं लागलं. तुमची पाचही ठिकाणं नदीकाठच्या सखल जागी आहेत का? असतील तर रेषा आखणाऱ्याने नेमक्या न दिसणाऱ्या जागा निवडल्या असं म्हणावं लागेल.

---

लाल-काळं खापर

पांझराकाठ भाऊ, काळाचा प्रश्न अजून कुणी विचारलाच नाही, मला तर तो सगळ्यांत आधीचा वाटतो.

पाटणे हे उत्तर पुराश्मयुगाचं ठिकाण, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरलेले तुकडे तिथं मिळाले. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं. कावठे सावळदा संस्कृतीचं, इ.स.पू. २००० च्या आसपासचं. प्रकाशे आणि बहाळला ताम्रपाषाण थर तळाशी आणि त्यावर लोखंडाच्या काळापासून पुढचे थर. पितळखोरे इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनचं. पाटणे आणि पितळखोरे एका रेषेत घेणं हा बादरायण संबंध आहे, मधे तेवीस हजार वर्षं आहेत. पांढरींतही गाळणी लावा. वर दिसणारं टेकाड कधी कधी मध्ययुगीन गढीचं असतं, माती ढासळून पांढरीसारखं झालेलं. खापर बघितल्याशिवाय जागा यादीत घेऊ नका. जोर्वे संस्कृतीची लाल खापरं, त्यांवर काळी नक्षी. माळवा संस्कृतीच्या खापरांवरची नक्षी जास्त दाट. सावळद्याच्या भांड्यांवर हत्यारं आणि प्राणी. काळ्या-तांबड्या खापराने मात्र एकट्याने काळ ठरत नाही, ते फार लांब काळ चालतं. एका काळाच्या जागा वेगळ्या काढल्या तर साठाच्या पंधरा-वीस उरतील. वीस जागांचे तीन-तीनचे गट १,१४० च पडतात, ३४,२२० नव्हे.

आणि न सापडलेल्या जागांचं काय? तापीचा गाळ खोल आहे, पुष्कळ जागा त्याखाली गेल्या. उकाईच्या पाण्याखालीही गेल्या. आणि सर्वेक्षण करणारे नदीच्या काठाकाठाने चालतात. आपल्या नकाशावर उमटलेली रांग काही अंशी शोधणाऱ्यांच्या पायवाटेची रांग असते.

पण सगळं योगायोगावर घालायला मी तयार नाही, मोजणीदार दादा. कोंडाईबारीकडे, कन्नडच्या घाटाकडे, बऱ्हाणपुराच्या खिंडीकडे जाणाऱ्या वाटा फार जुन्या आहेत. गुरं-ढोरं घेऊन चालणाऱ्याचा दिवसाचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटर, त्याला रात्री पाणी लागतं. टप्प्याटप्प्याने वस्त्या बसल्या तर नकाशावर साखळी दिसेल, आणि तिच्यामागे माणसाचा हेतू खराच असेल. फक्त तो सरळ रेषेचा नसेल, वाटेचा असेल. म्हणून भाऊ, जागा रेषेपासून किती दूर आहे हे मोजण्यापेक्षा एका जागेपासून पुढच्या जागेचं चालण्याचं अंतर मोजा. अंतरं सारखी येत असतील तर ती बाब जास्त बोलकी आहे.

---

मोजणीदार

ताईंचं म्हणणं मान्य, आणि ते तपासताही येतं. आता रीत सांगतो.

यादी गोठवा. काळाप्रमाणे वेगळी करा, पट्ट्याची रुंदी आणि रेषेची किमान लांबी लिहून ठेवा, पुढे बदलू नका. मग खोट्या याद्या तयार करा, पण संपूर्ण आयतात उधळून नव्हे. नदीकाठची जागा त्याच नदीच्या काठाने दोन ते पाच किलोमीटर वर-खाली सरकवा, म्हणजे नदीचा सरळपणा खोट्या यादीतही टिकेल. डाईकजवळची जागा डाईकच्याच लांबीने सरकवा. हे सगळ्यांत जास्त चुकतं: लोक जागा मोकळ्या मैदानात उधळतात, खऱ्या यादीत रेषा जास्त निघतात, आणि नदीचं श्रेय पूर्वजांना देतात. अशा हजार याद्या करून प्रत्येकीत चार आणि पाच जागांच्या रेषा मोजा. हाताने होणार नाही, क्यूजीआयएसला छोटी स्क्रिप्ट जोडा. हजारांपैकी पन्नासापेक्षा कमी याद्यांत तुमच्याइतक्या रेषा आल्या तर पुढे बोलायला जागा आहे.

मग रानात. तुमच्या पाच जागांच्या रेषेवरचा न पाहिलेला एक तुकडा निवडा, समजा दहा किलोमीटर, १०० मीटर रुंद. त्याला समांतर दोन किलोमीटर उत्तरेला एक आणि दोन किलोमीटर दक्षिणेला एक, असे आणखी दोन तुकडे आखा. नदीपासूनचं अंतर तिन्हींचं शक्य तितकं सारखं ठेवा. चालणाऱ्यांना खरी रेषा कुठली ते सांगू नका. तिन्ही पट्टे सारख्याच वेगाने चाला, नांगरट झाल्यावर आणि पेरणीआधी, जमीन उघडी असताना, आणि खापरं मोजा. फक्त आपल्याच रेषेवर चाललात तर काहीतरी सापडणारच. तापीच्या काठी कुठेही दहा किलोमीटर चाललात तरी खापर सापडतं.

---

पांझराकाठ

यादी काळाप्रमाणे लावायला घेतो. पितळखोरे आणि पाटणे काढले की पाच जागांच्या रेषेतली एक जागा आत्ताच कमी होते. उभ्या दगडांचं काय करू? त्यांतला एक त्याच रेषेवर आहे.

---

लाल-काळं खापर

दगड यादीत ठेवा, पण "काळ अनिश्चित" या रकान्यात. खानदेशातल्या उभ्या दगडांत फार प्रकार मिसळलेले आहेत. हद्दीचा दगड असतो, तो शेताच्या किंवा शिवेच्या बांधावर सापडतो, गावनकाशाशी पडताळा. वीरगळ असेल तर खालच्या भागात, मातीखाली गेलेल्या ठिकाणी, लढाईचं कोरीव काम असू शकतं. नंदुरबार आणि सातपुड्याच्या बाजूला वाघदेव आणि आदिवासींचे स्मारकदगड असतात, ते चालू परंपरेतले आहेत, त्यांचा काळ घरच्या माणसांना विचारता येतो. मुंजोबा किंवा म्हसोबा म्हणून पुजलेला दगड कुठून तरी उचलून आणलेलाही असतो, त्याची आजची जागा रेषेच्या हिशेबात धरताच येत नाही.

प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, जाडी, चपटी बाजू कुठल्या दिशेला, आणि दगड जवळच्या डाईकचा की बाहेरचा, एवढं लिहा. फोटो चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं. बुडाशी उकरू नका. दगड ज्या खड्ड्यात रोवला त्या खड्ड्यातल्या भरावातच काळ ठरवायचा पुरावा असतो, कोळसा किंवा खापराचा तुकडा, आणि एकदा हलवला की तो गेला. शेंदूर असेल तर खरवडू नका, गावातल्या पुजाऱ्याला आधी भेटा. दगड मूळचा तिथलाच की कुणी आणून उभा केला, हे बहुतेक वेळा त्याच्याकडूनच कळतं.